मी जेवीन मागून

बारा चमचे. एका वेळेला बारा, आणि तेही चहाचे. तेरावा गेला तर तो आत राहत नाही, आल्या वाटेने परत येतो. हे डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, आहार ठरवून देणाऱ्या बाईंनी छापील कागदावर लाल पेनने खूण करून दिलं होतं, आणि तरीही पहिल्या दोन महिन्यांत त्याला ते तीनदा बाथरूममध्ये वाकून शिकावं लागलं. सांगून शहाणा होणाऱ्यांतला तो कधीच नव्हता.

दहा महिन्यांपूर्वी तो एकशे अडतीस किलोचा होता. आता एक्याऐंशीचा, सहा फूट उंचीच्या मानाने बारीकच. भेटेल तो पहिलं हेच विचारायचा, "किती उतरलं?" आकडा सांगितला की समोरच्याचे डोळे मोठे व्हायचे, मग तो याला डोक्यापासून पायापर्यंत निरखायचा आणि शेवटी म्हणायचा, "वा! आता कसं छान वाटत असेल ना?" त्यावर हा मान डोलवायचा. मान डोलवायला काही लागत नाही.

खरं सांगायचं तर त्याला छान वाटत नव्हतं. वाईटही वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं, आणि हे लोकांना सांगायची सोय नव्हती. एवढे सत्तावन्न किलो गेलेल्या माणसाने तोंड पाडून बसणं म्हणजे लॉटरी लागलेल्याने पोटदुखीची तक्रार करणं.

भूक ही त्याची जन्माची सोबतीण. सकाळी ती त्याच्या आधी उठायची, अकराच्या सुमारास दुकानात येऊन कान ओढायची, संध्याकाळी घरी परतताना त्याच्यापुढे चार पावलं धावत जायची. ऑपरेशनच्या टेबलावर पोट कापून लहान केलं तेव्हा तीही त्यासोबत गेली. आता त्याच्या मोबाइलमध्ये पाच गजर लावलेले होते. गजर झाला की तो खायचा. एक घास, वीस वेळा चावायचा. जेवणाआधी अर्धा तास पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही. सकाळी दोन गोळ्या, दुपारी एक, रात्री दोन. केस विंचरले की फणीत पुंजका यायचा. सगळ्यांना उकडत असताना याला थंडी वाजायची. पोटाची कातडी सैल लोंबत होती, ती तो शर्ट खोचताना आत सारायचा, उशीच्या अभ्र्यात उशी सारावी तशी.

हे सगळं त्याने केलं होतं त्याच्या थोरल्या भावामुळे. भाऊ त्याच्याच बांध्याचा, त्याच्याच भुकेचा. सेहेचाळिसाव्या वर्षी बाथरूममध्ये पडला. दार तोडावं लागलं आणि पाच जणांना उचलेना, सहावा माणूस शेजारून बोलवावा लागला. तेरा दिवसही झाले नव्हते तेव्हा याच्या बायकोने त्याला हाताला धरून हॉस्पिटलात नेलं. ती म्हणाली होती, "मला सहा माणसं शोधायची नाहीत." एवढंच म्हणाली आणि अर्जावर सही केली.

बायको पोस्टात होती, रजिस्टरच्या खिडकीवर. तीही अंगाने चांगली भरलेली, नव्वदीच्या पलीकडची. दोघं रस्त्याने निघाली की लोक हसायचे, आणि ही दोघं घरी आल्यावर हसणाऱ्यांना हसायची. एकोणीस वर्षांचा संसार, पोटी मूलबाळ नाही, आणि त्या संसाराचा सगळा आनंद म्हणाल तर रोज संध्याकाळी साडेसातला समोरासमोर मांडलेली दोन ताटं. ती तोंडात घास ठेवूनच खिडकीवरच्या गमती सांगायची. पाकिटावर स्वतःचाच पत्ता लिहून आणणारे म्हातारे, तिकीट जिभेने चाटताना तिच्याकडे डोळे वटारणारी पोरं. हा हसता हसता ठसकायचा. मग ती उठून त्याच्या पाठीवर थोपटायची आणि परत येताना भाताचं भांडं घेऊन यायची.

हॉस्पिटलातून तो घरी आला त्याला आठवडा झाला तेव्हा तिने त्याच्यापुढे छोटी वाटी ठेवली, चमचा ठेवला आणि म्हणाली, "तुमचं होऊ दे. मी जेवीन मागून."

त्याला वाटलं, चार दिवसांचं असेल. ते दहा महिने झाले. कधी दूध उतू जायला आलेलं असायचं, कधी कपडे वाळत घालायचे राहिलेले असायचे, कधी तिला आत्ता भूकच नसायची. त्याचे बारा चमचे संपून तो बाहेरच्या खोलीत गेला की स्वयंपाकघराचं दार हळूच लोटलेलं दिसायचं. आत ताट वाजायचं, तेही अगदी हळू, चोरून वाजल्यासारखं.

बिचारी माझ्यावर दया करते, असं त्याने ठरवून टाकलं होतं. नवऱ्याला खाता येत नाही, त्याच्यासमोर कसं खायचं, असं तिला वाटत असणार. दोनतीनदा तो म्हणालाही, "अगं, बस की. मला काही त्रास होत नाही." खरंच होत नव्हता. भरलेलं ताट बघून त्याला आता भरलेलं कपाट बघितल्यासारखं वाटायचं. पण ती "हो हो" म्हणायची आणि उठून ओटा पुसायची. त्या सगळ्या बधिरपणात ही एकच गोष्ट बारीक काट्यासारखी टोचत होती. समोर तिचं ताट असावं, एवढंच त्याला हवं होतं. बाकी जगात त्याला काही नको होतं.

आता दुकानाचं.

तो फर्निचरच्या दुकानात विक्रीला होता, चोवीस वर्षं. दुकानात त्याला सगळे पैलवान म्हणायचे, मालकही आणि मागच्या शेडमध्ये दुरुस्तीचं काम करणारा मिस्त्रीही. पैलवानाची विकायची पद्धत एकच होती आणि ती कुठल्या पुस्तकात सापडली नसती. गिऱ्हाईक खुर्चीपाशी घुटमळायला लागलं, "टिकेल ना हो?" म्हणालं, की हा पुढे व्हायचा, दोन्ही हातांनी पँट वर ओढायचा आणि त्या खुर्चीत धप्पकन बसायचा. "एकशे अडतीस किलो," तो बसल्या जागेवरून जाहीर करायचा. "काही झालं? मग तुम्हाला काय होणार आहे!" गिऱ्हाईक हसायचं आणि पावती फाटायची.

पण त्याची खरी गिऱ्हाइकं वेगळीच होती. जाड माणसं. ती शहराच्या दुसऱ्या टोकाहून त्याला शोधत यायची. अशी माणसं दुकानात शिरली की आधी खुर्चीच्या पायांकडे बघतात, मग दोन हातांमधल्या जागेकडे, मग कुणी आपल्याकडे बघतंय का ते बघतात. हे सगळं पैलवानाला न सांगता कळायचं, कारण तो स्वतः जन्मभर तेच करत आला होता. तो आधी बसायचा, मग उठून शेजारच्या खुर्चीत सरकायचा आणि म्हणायचा, "या, बसा. आपल्या मापाची आहे." त्या एका 'आपल्या'वर त्याने अर्धं दुकान विकलं होतं.

ऑपरेशननंतर तो परत कामावर आला, तशीच पँट वर ओढून बसायला लागला, पण आता खुर्ची कुरकुरतही नव्हती. एक बारीक विक्रेता खुर्चीत बसला, त्यात काय बघायचं? गिऱ्हाइकं "विचार करून सांगतो" म्हणून निघून जायला लागली. मालक काही वाईट माणूस नव्हता, पण दुकान चालवायला बसला होता. एक दिवस तो म्हणाला, "पैलवान, तू बारीक झालास याचा मला आनंद आहे. माझ्या खुर्च्यांना मात्र झालेला दिसत नाही." मग थोडं थांबून म्हणाला, "गोदामात माल लावायला माणूस लागणारच आहे. बघू."

पैलवानाने मान डोलावली. गोदाम तर गोदाम.

त्यानंतरच्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी एक बाई आल्या. पन्नाशीच्या, चांगल्या दणदणीत अंगाच्या, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. हातातल्या कापडी पिशवीतून त्यांनी खुर्चीचा मोडलेला पाय काढला आणि टेबलावर ठेवला.

"दहा तास बसायचं काम आहे माझं," त्या म्हणाल्या. "वर्षात ही तिसरी. मोडणार नाही अशी आहे का काही? नसेल तर सरळ नाही म्हणून सांगा."

कितीतरी दिवसांनी आपलं गिऱ्हाईक आलं होतं. पैलवानाला ती नजर ओळखीची होती, आधी पाय, मग हातांमधली जागा, मग आजूबाजूला. चोवीस वर्षांची सवय आपोआप तोंडातून बाहेर पडली.

"आपल्यासारख्यांचं हे असंच असतं, ताई," तो मोठ्याने म्हणाला. "खुर्ची बिचारी काय करणार? आपण बसलो की तिचे पाय लटपटायला लागतात!"

आणि दोन्ही हातांनी पँट वर ओढून तो शेजारच्या भक्कम खुर्चीत धप्पकन बसला.

पलीकडे पलंग बघणारं एक तरुण जोडपं खुदकन हसलं. बाईंचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. हा मात्र हसऱ्या तोंडाने त्यांच्याकडे बघत बसला होता, आता या पण हसतील म्हणून.

"आपल्यासारख्यांचं?" बाई म्हणाल्या. "माझी टिंगल करायला मालकांनी पगारी माणूस ठेवलाय वाटतं." त्यांनी मोडका पाय उचलून पिशवीत टाकला. "हसा हो. पण निदान मी दाराबाहेर जाईपर्यंत तरी थांबायचं."

त्या गेल्या. पैलवान तसाच बसून राहिला. आपलं काय चुकलं हे त्याला खरोखर कळेना. हेच वाक्य त्याने शेकडो लोकांना ऐकवलं होतं आणि शेकडो लोक पोट धरून हसले होते. शेवटी मागच्या शेडमधून आलेला मिस्त्री त्याच्याजवळ वाकून म्हणाला, "अरे शहाण्या, तू कुठे राहिलास आता तिच्यासारखा?"

मालकाने सगळं काचेआडून पाहिलं होतं. त्याने आरडाओरडा केला नाही. दाराजवळच्या चौकशीच्या वहीत बाईंनी आल्या आल्या पत्ता लिहिला होता, तो त्याने कागदावर उतरवून दिला. "उद्या ही खुर्ची घेऊन त्यांच्या घरी जा. माफी माग. जमलं तर ठीक, नाही तर सोमवारपासून गोदाम."

रात्री त्याने हे बायकोला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. बारा चमचे झाले, दार लोटलं गेलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने टेम्पोत खुर्ची चढवली. मजबूत सागवानी, रुंद बैठकीची, हातांमध्ये ऐसपैस जागा. बाईंचं घर एका अरुंद रस्त्यावर तळमजल्याला होतं, रस्त्याकडची खोली म्हणजेच त्यांचं दुकान. घड्याळं दुरुस्त करायच्या त्या. भिंतभर घड्याळं टांगलेली, प्रत्येकात वेगळी वेळ. टेबलावर चिमटे, सुईएवढे स्क्रू-ड्रायव्हर, बाटल्यांच्या झाकणांत ठेवलेली चाकं. त्या जाडजूड बोटांनी त्या केसाएवढी स्प्रिंग उचलत होत्या आणि ती जराही हलत नव्हती. बसल्या होत्या पत्र्याच्या एका पेटीवर, वर घडी केलेली सतरंजी टाकून.

"आता काय राहिलंय?" त्या मान वर न करता म्हणाल्या.

मिस्त्री खुर्ची आत ठेवून लगेच टेम्पोकडे सटकला. लग्नात पुढे आणि भांडणात मागे, अशी त्याची जात. पैलवान दारातच उभा राहिला. माफीचं बोलणं त्याने वाटेत जुळवलं होतं, ते सगळं विसरला. त्याने खिशात कायम असणारा आपला जुना फोटो काढला आणि टेबलाच्या कडेवर ठेवला.

बाईंनी स्प्रिंग झाकणात ठेवली, भिंग डोळ्याला लावलं आणि फोटो घड्याळ तपासावं तसा तपासला. फोटोत तो दुकानाच्या दारात उभा होता आणि दार त्याच्या मागे दिसत नव्हतं.

"हे तुम्ही?"

"हो. गेल्या वर्षीचा. पोटाचं ऑपरेशन केलंय."

"मग काल आधी हे सांगायचं नाही का?"

"विसरलो."

"सांगायला विसरलात?"

"नाही," तो म्हणाला. "मी आता तसा नाही, हे विसरलो."

 बाईंच्या गळ्यातून एक हुंकार निघाला, हसू म्हणावं तर हसू. "बसा," त्या म्हणाल्या आणि पेटीकडे बोट दाखवलं. स्वतः उठल्या, नव्या खुर्चीला एक धक्का देऊन पाहिला, आणि बसल्या. खुर्ची गप्प राहिली. त्यांनी जरा डावीकडे-उजवीकडे झुलून पाहिलं आणि चेहऱ्यावर समाधान दिसलं.

"मला पण सांगितलंय डॉक्टरांनी करायला. गुडघे गेलेत." त्यांनी भिंग खाली सोडलं. "कसं वाटतं?"

किती उतरलं, असं नाही. कसं वाटतं. आणि त्यांनी उत्तर आपणच देऊन टाकलं नाही, वाट बघत बसल्या.

"काही वाटत नाही," पैलवान म्हणाला. बोलायला लागला आणि मग थांबला नाही. "सकाळी उठतो, गोळ्या घेतो. जिने चढतो, धाप लागत नाही. बुटाची नाडी बांधता येते. सगळं झक्कास आहे हो, खोटं कशाला बोलू? केलं नसतं तर भावासारखा गेलो असतो. पण भूक लागत नाही. आणि भूक लागत नाही म्हणजे दिवसात कशाची वाटच बघायची उरत नाही. गजर वाजला की खायचं. गजर वाजला की झोपायचं."

बाईंनी "हं" केलं. घड्याळं आपापल्या वेळा वाजवत होती.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एक ताट होतं, वर दुसरं ताट उपडं झाकलेलं. कडेतून वाफ येत होती. जेवायची वेळ झालेली होती आणि आपण मध्येच आलो, हे पैलवानाच्या आता ध्यानात आलं.

"तुम्ही जेवा ना," तो म्हणाला. "गार होतंय."

"होऊ दे. जेवीन मागून."

"माझ्यामुळे थांबू नका. मला खाताच येत नाही, मला त्याचं काही वाटतही नाही."

"तुम्हाला काय वाटतं त्याचा प्रश्न नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "बारीक माणसासमोर मी जेवत नाही. बारा वर्षांची असल्यापासून नाही. घास उचलला की तो कुठे जातो ते बघतात मेले. बोलत नाहीत, पण बघतात."

"पण मी बारीक नाही!"

तो इतक्या तळमळीने म्हणाला की बाईंना हसू फुटलं. "आरसा बघत जा जरा," त्या म्हणाल्या. "फोटो खिशात ठेवून फिरलात म्हणून समोरच्याला थोडाच फोटो दिसणार आहे?"

पैलवानाने टेबलाच्या कडेवरचा फोटो उचलून खिशात घातला. 

खुर्चीचं जमलं. बाईंनी ठेवून घेतली, पावतीवर सही केली, मालकासाठी "तक्रार नाही" असं स्वतःहून लिहून दिलं. पैलवानाने कागद घडी करून खिशात घातला आणि दार ओढून घेतलं. दार पुरतं लागायच्या आतच मागे ताटावरचं ताट काढल्याचा आवाज आला.

टेम्पोत मिस्त्री विचारत होता, "जमलं ना? मग थोबाड असं का?" पण याचं लक्ष नव्हतं. त्याला साडू आठवत होता.

बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. उभा काडीसारखा, सकाळी पळायला जाणारा. वर्षातून दोनतीनदा त्यांच्याकडे जेवायला जावं लागायचं. साडू तोंडाने कधी काही बोलला नाही. फक्त जेवताना मध्येच हात थांबवून समोर बघायचा. तेवढ्याने दोघांचे घास अडायचे. "पोट भरलं बाई आमचं," म्हणत ही दोघं अर्धपोटी उठायची आणि घरी येऊन, चपला काढायच्या आधी, गॅस पेटवायची. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पातेल्यातूनच खायची आणि साडूची नक्कल करून करून हसायची. एकदा तर ती हसता हसता खाली बसली होती, आणि तिला उठवायला गेलेला हाही शेजारी बसला होता. जगात कुणासमोर नाही जेवलं तरी चालेल, एकमेकांसमोर जेवता येतंय ना, असा तो संसार होता.

आता साडू त्याच्याच घरी राहायला आला होता. रोज साडेसातला तिच्यासमोर येऊन बसत होता, नवऱ्याच्याच खुर्चीत.

संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा वाटी मांडलेली होती. मऊ भात, डाळ, वर उकडलेलं अर्धं अंडं कुस्करून. बायको ओट्याशी पाठमोरी उभी राहून आधीच स्वच्छ असलेला ओटा पुसत होती. टेबल तेच होतं, दोन खुर्च्या त्याच. तो बसला. चमचा उचलला नाही.

"तुझं ताट घे."

"तुमचं होऊ दे. मी जेवीन—"

"तू मला लाजतेस का गं?"

फडकं थांबलं. "काहीतरीच काय," ती म्हणाली. "आपल्याच नवऱ्याला कोण लाजेल?"

"मला वाटत होतं, तू माझ्यावर दया करतेस. दहा महिने मी तेच समजत होतो."

ती वळली नाही. बराच वेळ ती भिंतीवरच्या टाइलकडे बघून बोलत राहिली, खिडकीवर पावती फाडताना बोलावं तशा सपाट आवाजात.

"पहिल्याच आठवड्यात मी बसले होते तुमच्यासमोर. आठवतं? नाही आठवणार, तुम्ही गुंगीत होतात. तुम्ही एक घास घेतलात आणि चमचा खाली ठेवलात. वीस वेळा चावायचं होतं ना. चावता चावता माझ्याकडे बघत होतात. तुमचा एक घास होईपर्यंत माझे नऊ झाले. मी मोजले. तुम्ही पण मोजताय असं वाटलं."

"मी कशाला मोजू? मी नुसता चावत होतो. समोर तू होतीस, म्हणून तुझ्याकडे बघत होतो."

"माहितीये मला. तुम्ही तसे नाही." तिने फडकं पिळलं, त्यातून काही निघालं नाही. "पण तुमचं एक-एक हाड दिसायला लागलं. गळा दिसायला लागला. लोक म्हणतात, तुमचे मिस्टर किती छान दिसतात हो आता, आणि मग माझ्याकडे बघतात. पोस्टात, लिफ्टमध्ये. घरी येऊन तुमच्यासमोर ताट वाढून घ्यायचं म्हटलं की माझा हातच उचलवत नाही. तुम्ही वाचावं म्हणून मीच सही केली. मी कुठल्या तोंडाने बोलू?"

पैलवानाच्या छातीत काहीतरी हललं. दहा महिन्यांत पहिल्यांदा. त्याला वाटलं, अन्न अडकलं की काय. पण त्याने अजून एक चमचाही खाल्ला नव्हता. त्याला वाईट वाटत होतं, एवढंच. भयंकर वाईट वाटत होतं. तिच्याजवळ जावं, तिच्या खांद्यावर हात ठेवावा, असं मनात आलं. पण आपला हात आता कसा दिसतो, हेही त्याच्या मनात आलं. मनगटाचं हाड वर आलेला, परक्या माणसाचा असावा तसा हात.

तो उठला. त्याने आपली खुर्ची उचलली, फिरवली आणि तिच्याकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून बसला. मागे हात वळवून वाटी घेतली आणि मांडीवर ठेवली.

"हे काय करताय?" ती म्हणाली.

"जेवतोय. तू वाढून घे."

"अहो, वेड लागलंय का? लोक बघतील तर काय म्हणतील?"

"लोकांना कोण बोलावतंय इथे? बस."

 त्याने एक चमचा तोंडात घातला आणि चावायला लागला. पाच. सहा. सात. मागे ताट काढल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. तिच्या वजनाने ती जराशी कुरकुरली आणि तो आवाज त्याला इतका ओळखीचा वाटला की त्याचं मोजणं चुकलं. त्याने पुन्हा एकपासून सुरुवात केली.

भाताच्या भांड्यात डाव वाजला. एकदाच, जपून. थोडा वेळ ताटात बोटं फिरल्याची सळसळ ऐकू आली. मग थांबली. ती आपल्या पाठीकडे बघत असणार, हे त्याला जाणवत होतं. त्याने मान ताठ धरली आणि दाराच्या कडीकडे बघत चावत राहिला.

डाव पुन्हा वाजला. या वेळी जरा मोठ्याने. मग डाळीच्या भांड्याचं झाकण. मग पुन्हा भाताचा डाव, आणि घास गिळतानाचा, पाण्याचा घोट घेतानाचा आवाज. तिला केवढी भूक लागलेली असते, हे तो विसरूनच गेला होता. दहा महिने ही एवढी भूक ती बंद दाराआड, उभ्या उभ्या, आवाज न करता भागवत आली होती.

त्याचे बारा चमचे संपले. रिकामी वाटी मांडीवर धरून तो बसून राहिला.

"आज ना," मागून तिचा आवाज आला, घास तोंडात असतानाचा, बोबडा. "एक आजोबा आले होते पार्सल घेऊन. वजन करा म्हणाले. केलं. तर म्हणतात, बाई, हे जरा जास्त होतंय, थोडं कमी करून सांगा ना."

ती हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. तो थोपटायला म्हणून सवयीने उठायला गेला, मान अर्धी वळली.

"अजून वळू नका हं," ती घाईघाईने म्हणाली. "माझं व्हायचंय."

"नाही वळत," तो म्हणाला.